रेग्युलसची पाठ

पॅरिस, ११ जानेवारी १७८५

प्रिय सिल्व्हाँ,

तुमचं सांत्वनाचं पत्र नाताळनंतर मिळालं. उत्तराला उशीर झाला, माफ करा. तुमच्या बहिणीच्या शेवटच्या दिवसांबद्दल तुम्ही विचारलं आहे. खोकला ऑक्टोबरपासूनच होता. ताप आठ दिवस. एकोणीस नोव्हेंबरला सकाळी ओदिल गेली. पाद्रीबाबा वेळेत पोहोचले. माझी पेरीन आत्या उशाशी होती, मी पायाशी. मला यापेक्षा जास्त लिहिता येत नाही.

हे पत्र मी वेगळ्या कामासाठी लिहितो आहे. तिचं सामान मी आवरायला घेतलं आहे. रंगीत खडूंच्या पेट्या आहेत तशाच ठेवल्या. हातपंख्यांची अर्धवट कामं, गुलाबांत लोळणारी गुबगुबीत पंखवाली बाळं, ज्याच्या त्याला परत केली. त्यानंतर कपाटाच्या मागे भिंतीला टेकवलेली पुठ्ठ्याची एक मोठी थैली सापडली. तिच्यात राखाडी कागदावर कोळशाने काढलेली एकतीस चित्रं आहेत. सगळी एकाच पुरुषाची. कमरेपासून वर उघडा, खुर्चीवर उलटा बसलेला किंवा उभा. सगळीकडे पाठ, खांदे, मान. चेहरा एकाही कागदावर नाही.

पुरुषाला उघडा बसवून चित्र काढतात त्या अकादमीच्या वर्गात बायकांना पाऊल ठेवता येत नाही, हे मी तुमच्यासारख्या चित्रकाराला सांगायला नको. तेव्हा ही चित्रं तिथली नाहीत. एखाद्या पुतळ्यावरून काढलेली म्हणावीत, तर पुतळ्याला मानेवर केस चिकटत नाहीत. शिवाय खुर्ची आमची आहे. तिचा डावा मागचा पाय मी स्वतः लोखंडी पट्टी मारून जोडला आहे. ती पट्टी चित्रात दिसते.

काही चित्रांत फरशीवर खुर्चीच्या पायाची सावली आहे. आमच्या फरशा षटकोनी आहेत, त्यामुळे सावलीची लांबी मोजणं सोपं गेलं. खिडकीची दिशा मला माहीत आहे. मी दोन वेळा हिशेब करून पाहिला. हिवाळा, सकाळी साडेदहा ते सव्वाअकरा. त्या वेळी मी रोज वर्गात भूमिती शिकवत असतो.

लग्नाआधी ती ज्यांच्याकडे शिकत होती ते चित्रकार लोर्मिए दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा त्यांनी तिच्या ‘कोळशाच्या कागदांची’ चौकशी केली. मी म्हणालो, असे कागद माझ्या पाहण्यात नाहीत. दफनाच्या वेळी ते खूप रडले होते. मी रडलो नव्हतो, हे लोकांच्या लक्षात आलं असेल. बोलता बोलता त्यांच्या तोंडून असंही निघून गेलं, की तुमची पत्रं ओदिलला घरी येत नसत, त्यांच्या पत्त्यावर येत. तो पत्रांचा गठ्ठा मला कुठेही सापडलेला नाही.

तुम्ही तिचे धाकटे भाऊ. तुम्ही रोमला असलात तरी ती तुम्हाला सगळं लिहीत असणार. हा माणूस कोण आहे, एवढंच कळवा. सामानाची यादी पूर्ण करायची आहे म्हणून विचारतो.

आन्सेल्म ग्रिव्हो


पॅरिस, २७ फेब्रुवारी १७८५

प्रिय सिल्व्हाँ,

तुमचं उत्तर मिळालं. चार पानं तुम्ही रोमच्या जुन्या दगडांवर लिहिली आहेत. पंखवाल्या बाळांचे दिवस संपले, आता पुरुषार्थ, कर्तव्य आणि सरळ रेषा यांचे दिवस आले, हे तुमचं म्हणणं समजलं. सरळ रेषा मी वीस वर्षं शिकवतो आहे. माझ्या प्रश्नाला मात्र तुम्ही दीड ओळ दिली: ‘तिने जे केलं ते कलेसाठी केलं. लोर्मिएंना विचारा.’ प्रामाणिक माणूस असल्या प्रश्नाचं उत्तर नावाने देतो.

लोर्मिएंवर माझा संशय होताच. परवा ओदिलसाठी चर्चमध्ये मिसेची प्रार्थना झाली तेव्हा मी मुद्दाम त्यांच्या मागच्या बाकावर बसलो. आमच्या खुर्चीची पाठ दोन विती रुंद आहे. चित्रातल्या माणसाचे खांदे तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं बाहेर येतात. लोर्मिएंचे खांदे दोन वितीही भरत नाहीत. तेवढ्यापुरते ते सुटले.

आत्याने मला पाहिलं.

‘‘प्रार्थनेत बोटांनी काय मोजत होतास रे?’’

‘‘काही नाही.’’

‘‘त्या बिचाऱ्याचा कोट शिवतोयस की काय? आणि एक सांग, या घरात पाव कोण खातंय? रविवारी दोन मोठे आणले, मंगळवारी नुसती सालं. लेंटचे उपास चाललेत, मी सुकट मासळी चघळतेय, आणि तू आतला मऊ गाभा गट्ट करतोस!’’

मी प्रार्थनापुस्तकाचं पान उलटलं. घरात मी फारसा बोलत नाही, हे ओदिलने तुम्हाला लिहिलंच असेल.

मिसा संपल्यावर लोर्मिए मला ओढत त्यांच्या चित्रशाळेत घेऊन गेले. तिथे मागच्या भिंतीवरचा पडदा त्यांनी बाजूला केला. नऊ फूट लांबीचं तैलचित्र. रोमन सेनापती रेग्युलस. शत्रूच्या कैदेतून काही दिवसांसाठी सुटून आलेला, आणि परत येईन हा शब्द दिलेला म्हणून मरायला परत निघालेला. उजव्या बाजूला बायको, मुलं, रडणारे मित्र. तो मध्यभागी उभा, त्यांच्याकडे तोंड करून आणि आपल्याकडे पाठ करून. अंगरखा कमरेपर्यंत घसरला आहे.

पाठ तीच होती.

‘‘तिचं आहे,’’ लोर्मिए म्हणाले. ‘‘अडीच वर्षं खपली इथे. दर गुरुवारी.’’

गुरुवारी ती हातपंखे पोहोचवायला जाते असं मी समजत होतो.

‘‘तो माणूस कोण?’’

‘‘कुठला?’’

‘‘ज्याची पाठ आहे तो.’’

‘‘मी कधी विचारलं नाही. ती कागद घेऊन यायची, कागदावरून रंगवायची. मस्यू ग्रिव्हो, चांगली पाठ मिळाली की तिचं नाव-गाव विचारत नाहीत.’’ मग त्यांनी माझा हात धरला. ‘‘मे महिन्यात, फेत-द्यूच्या सणाला दोफिन चौकात नव्या चित्रकारांची चित्रं लागतात. तिथे मी हे तिच्या नावाने लावणार आहे. पण आत्तापासून कुजबुज चालू झालीय. म्हणतात, पंख्यावर बाळं काढणाऱ्या बाईला अशी पाठ जमेलच कशी? भाऊ रोममध्ये आहे, त्याने गुंडाळून पाठवलं असणार. ते कागद दाखवले की तोंडं बंद होतील. एका बैठकीत चुकलेला खांदा दुसऱ्या बैठकीत तिने कसा सुधारला, ते सगळं त्यांच्यात आहे. शोधा हो. कुठेतरी असतील.’’

मी म्हणालो, शोधतो.

त्या कागदांची तुम्ही काळजी करू नका. ते कुणाच्या हाती लागणार नाहीत. इकडे नवीन काही नाही. वर्गात या महिन्यात मुलांना आकृत्या काढायला बरा कागद मिळाला, त्यामुळे मुलं खूश आहेत.

तुम्ही त्या माणसाला ओळखता, अशी माझी आता खात्री झाली आहे. हे चित्र तुमचं आहे असं लोक म्हणतात, हेही तुम्हाला माहीत आहे असं मला वाटतं. या दोन्हींवर तुम्ही गप्प का, ते मला समजून घ्यायचं आहे.

आ. ग्रिव्हो


पॅरिस, २ एप्रिल १७८५

सिल्व्हाँ,

तुमच्या उत्तराची वाट न पाहता लिहितो आहे. तो माणूस सापडला.

ईस्टरच्या सुट्टीमुळे बुधवारी मी सकाळी घरी होतो. साडेदहाच्या सुमारास जिन्यात पावलं वाजली आणि ब्लेझ आत आला. ब्लेझ म्हणजे आमचा पाणीवाला. ओव्हेर्न्य प्रांताकडचा आहे, बाकीच्या पाणीवाल्यांसारखाच. सात वर्षं तो आमच्या तिसऱ्या मजल्यावर दोन बादल्या घेऊन चढतो. मी त्याला कायम समोरून पाहिला होता, तोही रविवारी, पैसे न्यायला येतो तेव्हा, कोट घालून.

‘‘अरे, मास्तर घरी?’’ तो म्हणाला. ‘‘आजारी आहात की काढून टाकलं?’’

‘‘सुट्टी आहे त्याला,’’ आत्या म्हणाली. ती खिडकीपाशी शेंगा सोलत होती. ‘‘तू तुझं पाणी ओत. आणि सांडू नकोस, कालच पुसलंय.’’

ब्लेझने बादल्या उतरवल्या आणि तांब्याच्या पिंपाकडे वळला. त्या दिवशी ऊन होतं, अंगात नुसता सदरा, तोही घामाने भिजून अंगाला चिकटलेला. बादल्यांचा चामडी पट्टा जिथे बसतो तिथे त्याच्या दोन्ही खांद्यांवरून एक खोलगट वळ गेला आहे. बोट बसेल इतका. तो वळ मी एकतीस कागदांवर पाहिला होता आणि कोळशाची चुकलेली रेघ समजत होतो. रेग्युलसच्या पाठीवर पाहिला तेव्हा वाटलं, कैदेतल्या साखळीची खूण दाखवली असेल.

मी म्हणालो, ‘‘बस.’’

‘‘कुठे?’’

‘‘त्या खुर्चीवर. उलटा.’’

ब्लेझने आत्याकडे पाहिलं. ‘‘आत्याबाई?’’

आत्याने शेंगांची परडी खाली ठेवली. ‘‘बस रे बाबा. कळलं त्याला एकदाचं. चार महिने लागले, आणि म्हणे गणित शिकवतो.’’

त्यानंतर सगळं कळलं. सांगत आत्या होती, मध्ये मध्ये ब्लेझ भर घालत होता. तीन हिवाळे, आठवड्यातून दोनदा, इथली फेरी संपल्यावर पाऊण तास. आत्या प्रत्येक वेळी खोलीत बसून विणत असे. ओदिल त्याला आधी सूप देई, मग बसवी.

‘‘मला पहिल्या दिवशी वाटलं, बाईंचं डोकं फिरलं,’’ ब्लेझ म्हणाला. ‘‘म्हणाल्या, सदरा काढ आणि पाठ कर. मी म्हटलं, बाई, फटके देणार का? तर आत्याबाई कोपऱ्यातून ओरडल्या, सदऱ्याखालचं काही काढलंस तर तंगडं मोडीन.’’

‘‘मोडलंच असतं,’’ आत्या म्हणाली.

‘‘पण एक सांगतो मास्तर. या गावात मी एवढे जिने चढतो, पण खुर्चीवर बस म्हणणारं घर हे एकच.’’

मी आत्याला विचारलं, मला का सांगितलं नाहीत.

‘‘सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास?’’

‘‘नको म्हणालो असतो.’’

‘‘मग?’’

तिचं बरोबर होतं. माझं कॉलेज धर्मगुरूंचं आहे. मी शिक्षकाची इज्जत म्हणालो असतो, शेजारी म्हणालो असतो. शेवटी तिने ऐकलं असतं. तुमच्या पत्रांच्या बाबतीत तिने ऐकलंच होतं. ही गोष्ट मी पहिल्या पत्रात तुमच्यापासून लपवली. आमच्या लग्नाच्या जेवणात तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात, की आता माझी बहीण जन्मभर याचे त्रिकोण रंगवत बसणार. दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं, तुझ्या भावाचं पत्र या घरात आलेलं मला चालणार नाही. ती वाद घालत बसली नाही. पत्ता बदलला. आणि तो गठ्ठा आत्याने तिच्या उशीखाली घालून तिच्यासोबत पुरला. तिनेच तसं सांगून ठेवलं होतं.

मग आत्याने विचारलं, ‘‘थैली तुझ्याकडेच आहे ना? दे त्या लोर्मिएला.’’

मी उत्तर दिलं नाही. तुम्हाला मात्र लिहितो.

फेब्रुवारीत, तुम्हाला दुसरं पत्र पाठवण्याआधी, मी ते कागद पुसले. कोळसा पावाच्या मऊ गाभ्याने निघतो. ओदिलच माझ्या आकृत्यांवरचे डाग तसे काढून द्यायची. पहिल्या कागदाला बराच वेळ लागला, कारण मी खांद्यापासून सुरुवात केली आणि थांबलो. नंतर हात बसला. चार दिवस, शाळेतून आल्यावर, दिवे लागायच्या आत. काळे झालेले पावाचे गोळे चुलीत टाकले. जाळायचा विचारही आला होता, पण कागद चांगला होता. तो मी वर्गात वाटला. मुलांनी त्यावर त्रिकोण काढले.

गुरुवारी मी मुलांच्या घरोघरी फिरलो. एकोणीस कागद परत मिळाले. दोन-तीन कागदांवर, उजेडात तिरके धरले तर, शाईच्या रेघांखाली एक वळण दिसतं. ते खांद्याचं आहे हे मला माहीत आहे म्हणून मला दिसतं. दुसऱ्या कुणाला दिसणार नाही.

म्हणजे ते चित्र तिचं असल्याचा पुरावा आता एकच उरला आहे, आणि तो तुमच्या हातात आहे. ‘दोफिन चौकात लागणारं रेग्युलसचं चित्र मी काढलेलं नाही’ एवढं एक वाक्य लिहून, खाली सही करून लोर्मिएंकडे पाठवा. सणाला आठ आठवडे आहेत. टपाल पोहोचेल.

मी आजवर तुमच्याकडे काही मागितलेलं नाही.

आन्सेल्म


पॅरिस, १५ मे १७८५

मस्यू सिल्व्हाँ ताव्हेर्नेल,

तुमचं पत्र काल आलं. तुम्ही त्यात लिहिता: ‘ते चित्र माझं आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही. पण ते माझं नाही असं म्हणायची ही वेळ नव्हे.’ तुमच्या आश्रयदात्यांच्या कानावर पॅरिसहून त्या चित्राची कीर्ती गेली आहे, त्यांनी तुम्हाला त्याच धर्तीवर दोन मोठ्या चित्रांचं काम दिलं आहे, आणि तुम्ही त्यांची समजूत दुरुस्त केलेली नाही, हेही तुम्ही लिहिलं आहे. जे गेले त्यांना कीर्तीची गरज नसते, असं म्हणता.

चार महिने मी चुकीच्या माणसांवर संशय घेतला. शेवटी एक तरी संशय खरा निघाला, याचा मला काडीचाही आनंद नाही.

तुमचं पत्र मी आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘‘याला लहानपणी कुणी थोबाडीत मारली नसेल.’’ निरोप पोहोचवला.

आ. ग्रिव्हो


पॅरिस, २ जून १७८५

सिल्व्हाँ,

जे घडलं ते तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहितो.

सणाच्या आदल्या दिवशी मी ब्लेझला थांबवून घेतलं आणि काय हवं ते सांगितलं. तो लगेच नाही म्हणाला.

‘‘चौकात सदरा काढू? मास्तर, तिकडे माझी सात गिऱ्हाइकं आहेत. उद्यापासून पोरं माझ्या मागे रोमन रोमन करत फिरतील.’’

‘‘फिरतील,’’ मी म्हणालो.

‘‘आणि लोक बाईंबद्दल काय बोलतील?’’

‘‘ते मी बघतो.’’

तो बराच वेळ बादलीची कडी खालीवर करत राहिला. मग म्हणाला, ‘‘बाईंनी ते चित्र मला दाखवायचं कबूल केलं होतं. राहूनच गेलं.’’

सणाच्या दिवशी पाऊस नव्हता. चौकाच्या उत्तरेकडच्या दुकानांवर मिरवणुकीची कापडं टांगली होती, त्यांवर चित्रं. बऱ्याच तरुण मुलींची चित्रं होती, आणि त्या मुली नटूनथटून आपापल्या चित्राखाली उभ्या होत्या. आमच्या चित्राखाली लोर्मिए एकटे उभे होते. दहापर्यंत गर्दी झाली. राखाडी रेशमी कोटातले एक गृहस्थ आले. त्यांचं मत लोक उद्या आपलं म्हणून सांगतात, असं लोर्मिए मला कुजबुजत म्हणाले. त्यांनी चित्र पुष्कळ वेळ पाहिलं.

‘‘उत्तम,’’ ते म्हणाले. ‘‘भावाने उत्तम काम केलंय.’’

‘‘हे मादाम ग्रिव्हो यांचं आहे,’’ लोर्मिए म्हणाले.

‘‘हो का? मादामच्या पंख्यावरची बाळं माझ्या बायकोकडे आहेत. गोड आहेत. त्या बाळांना मणके नाहीत हो. या माणसाला प्रत्येक मणका आहे. त्या बाई कोणत्या वर्गात शिकल्या? पूर्वतयारीची रेखाटनं दाखवा, मी टोपी काढतो.’’

लोर्मिएंनी माझ्याकडे पाहिलं. लोकही बघू लागले.

मी म्हणालो, ‘‘रेखाटनं नाहीत. माझ्या चुकीने गेली. माणूस आहे.’’

ब्लेझ पुढे आला. त्याने आधी चित्राकडे पाहिलं, नीट, वरपासून खालपर्यंत. मग गर्दीकडे पाठ केली आणि सदरा काढला. पट्ट्याचा वळ चित्रात जिथे होता तिथेच होता. डाव्या खांद्याखालचा तीळसुद्धा होता. तो तीळ मला कागदांवर दिसला नव्हता. रंगात तिने घेतला होता.

कुणीतरी हसलं. एक बाई म्हणाली, ‘‘अगं, हा तर आमचा पाणीवाला!’’ मग बरेच जण हसले. ब्लेझची मान लाल झाली, पण तो हलला नाही.

राखाडी कोटवाल्या गृहस्थांनी जवळ जाऊन पाहिलं. त्या वळावर बोट ठेवलं, चित्राकडे पाहिलं, परत पाहिलं. ते प्रामाणिक होते, एवढं म्हणेन.

‘‘तू कधी रोमला गेला होतास?’’

‘‘मी नदीपलीकडेसुद्धा कामाशिवाय जात नाही,’’ ब्लेझ म्हणाला.

‘‘मग तुला बसवलं कुठे?’’

‘‘यांच्या घरी. तिसरा मजला.’’

ते माझ्याकडे वळले. आता आवाजात वेगळाच रंग होता. ‘‘आणि मस्यू, बायको हे काढत होती तेव्हा नवरा कुठे होता?’’

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. आठ दिवस मी त्याचं उत्तर तयार करत होतो. खरं सांगितलं तर चित्र तिचं ठरणार होतं, पण त्यापुढे तिचं नाव निघालं की ते चित्र कुणाच्या डोळ्यांपुढे येणार नव्हतं, बंद दाराआड नवऱ्याच्या नकळत बसवलेला पाणीवाला येणार होता. मी वीस वर्षं मुलांना सांगत आलो आहे, की सिद्ध करता येत नाही ते लिहू नका.

मी म्हणालो, ‘‘मी तिथेच होतो. खिडकीपाशी.’’

‘‘प्रत्येक वेळी?’’

‘‘प्रत्येक वेळी.’’

आत्या माझ्या शेजारी उभी होती. ती म्हणाली, ‘‘खोटं कशाला बोलतोस?’’ ती त्या गृहस्थांकडे वळली. ‘‘खिडकीपाशी मी बसायची. हा चुलीपाशी. मधून मधून डुलक्या काढायचा.’’

या वेळी सगळेच हसले. राखाडी कोटवाल्यांनी टोपी काढली, मला नाही, चित्राला.

गोष्ट इथे संपली असती तर मी आज लिहिलं नसतं. आमच्या मुख्याध्यापकांनी दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं. कॉलेजातली नोकरी राहिली. कॉन्व्हेंटच्या मुलींना मी गणित शिकवायचो ते बंद झालं. घरात उघड्या पाणीवाल्यासमोर बायकोला बसवून डुलक्या काढणाऱ्या माणसाकडे मुली पाठवता येत नाहीत, असं तिथल्या मुख्य नन म्हणाल्या. मला ते पटलं.

पण शनिवारी दैनिकात चार ओळी आल्या. दिवंगत मादाम ग्रिव्हो यांच्या रेग्युलसची स्तुती होती. त्यापुढे असं होतं: ‘रेखाटनातली अचूकता स्त्रीच्या हातात सहसा आढळत नाही. भूमितीचे शिक्षक असलेले त्यांचे पती प्रत्येक बैठकीला हजर असत, हे कळल्यावर त्या अचूकतेचा उगम ध्यानात येतो.’

ते वाचलं आणि लक्षात आलं: माझ्या खोटेपणाने तिला तुमच्या हातून सोडवलं आणि माझ्या हातात दिलं. मी तिथे नव्हतो असं म्हणण्याची वाट मी स्वतःच बंद केली होती.

सोमवारी मी दैनिकाच्या कचेरीत गेलो. संपादक जाडजूड, उमदा माणूस आहे. मी म्हणालो, मला कोळसा आणि कागद द्या, आणि तुमच्यातला कुणीतरी पाठ करून उभा करा. त्यांना आधी वाटलं मी भांडायला आलोय. मग त्यांनी कारकुनाला उभं केलं. छापखान्यातली माणसंही येऊन थांबली.

मी वीस मिनिटं मनापासून काढलं. मुद्दाम वाईट काढलं नाही. तसं करायची वेळच आली नाही.

संपादकांनी कागद उचलला. ‘‘हे काय आहे? नासपती?’’

‘‘तुमचा कारकून.’’

कारकून वळून बघायला आला. ‘‘मास्तर, माझे हात कुठे गेले?’’

‘‘मला जमले नाहीत,’’ मी म्हणालो. ‘‘आता तुम्हीच सांगा, त्या चित्रात मी काय मदत केली असेन?’’

संपादक हसले नाहीत. त्यांनी कागद उलटा करून ठेवला आणि विचारलं, ‘‘हे छापू का? लोक तुम्हाला हसतील.’’ मी म्हणालो, त्यासाठीच आलोय.

कालच्या अंकात आलं. कात्रण सोबत जोडलं आहे, तरी इथे उतरवतो: ‘आमच्या कचेरीत प्रत्यक्ष घेतलेल्या परीक्षेअंती मस्यू ग्रिव्हो यांना चित्र काढता येत नाही, अगदी मुळीच येत नाही, अशी आमची खात्री पटली आहे. रेग्युलस त्यांच्या पत्नीचाच आहे.’

आत्याने ते तीनदा वाचायला लावलं. ब्लेझला वाचता येत नाही, त्यालाही वाचून दाखवलं.

मी त्या खोलीत कधीच नव्हतो, हे आता आत्या, ब्लेझ आणि तुम्ही, एवढ्या तिघांनाच माहीत आहे; लोर्मिएंनी ओळखलं असेल, पण ते बोलायचे नाहीत. तुम्हाला वाटलं तर ते तुम्ही उघड करू शकता. तुमच्या आश्रयदात्यांना ते आवडेलही. मी अडवणार नाही. माझ्यावरचा संशय फिटला, तो छापून आला आहे. तुमच्यावरचा तिकडे रोममध्ये अजून उरला आहे, आणि तो फेडायला पॅरिसमधला कुणी येणार नाही.

आन्सेल्म ग्रिव्हो